मक्यात डुकरं, मोबाइलमध्ये पिस्तूल



मागच्या महिन्यात आमच्या प्रभागातल्या एका बचत गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, चहा आला. तेवढ्यात एका ताईंनी आपला मोबाइल सगळ्यांच्या मधे ठेवला. पोराने दाखवलेला व्हिडिओ होता. अमेरिकेतला एक माणूस, डोक्यावर टोपी, कमरेला पिस्तूल. शेताच्या कडेला डुक्कर दिसते, तो पिस्तूल काढतो, आवाज होतो आणि डुक्कर जागच्या जागी आडवे. व्हिडिओ संपला तशा ताई म्हणाल्या, "पोरगा म्हणतो, आई, एक जण मिळवून देतोय असलं. डुकरांनी सव्वा एकर मका लोळवला. सोसायटीचं कर्ज तसंच आहे. द्यावं का घेऊन?"

बैठकीत कुणी हसले नाही. कारण तो प्रश्न एकट्या त्या ताईंचा नव्हता. कुणाचा भुईमूग उकरला होता, कुणाचा ऊस चघळून टाकला होता, कुणाची ज्वारी आडवी पाडली होती. आम्हीही तेव्हा पटकन एवढेच म्हणालो, "नको, बेकायदेशीर आहे." त्यावर दुसऱ्या एक आजी म्हणाल्या, "बेकायदेशीर आहे हे कळलं. मग कायदेशीर काय आहे ते सांगा की!" त्या आजींना नीट उत्तर द्यायचे म्हणून आम्ही चार ठिकाणी विचारले, कागद वाचले. ते आज तुमच्यापुढे मांडतो.

अमेरिकेतले डुक्कर आणि आपले डुक्कर

आधी त्या व्हिडिओचे बघू. अमेरिकेत डुक्कर हा मुळात रानातला प्राणीच नव्हता. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी जहाजातून पाळीव डुकरे नेली. त्यातली काही सुटली, रानात वाढली, पुढे शिकारीसाठी आणलेल्या रानडुकरांशी त्यांचा संकर झाला. आज तिथे अशी सुमारे साठ लाख डुकरे आहेत असा सरकारी अंदाज आहे. ती बाहेरून आलेली म्हणून तिथला कायदा त्यांना वन्यप्राणी म्हणून जपत नाही. टेक्सास राज्यात तर २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाची संमती असेल तर डुक्कर मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही.

आपल्याकडे गोष्ट वेगळी. गावात उकिरड्यावर फिरणारे ते गावडुक्कर. ते पाळीव, त्याला मालक असतो. त्याने पीक खाल्ले तर ते भांडण मालकाशी आणि ग्रामपंचायतीशी. रात्री कळपाने शेतात येणारे, मानेवर ताठ केसांची आयाळ आणि नराला बाहेर आलेले सुळे, ते रानडुक्कर. ते इथलेच, आपल्या आधीपासूनचे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ त्याला लागू आहे. हा कायदा २०२२ मध्ये बदलला, नव्या रचनेत रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. परवानगीशिवाय मारले, फास लावला, विष घातले, तरी ती शिकारच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मारलेल्या डुकराचे मटण वाटून घेणारेही त्यात अडकतात. कारण रानडुक्कर मेले तरी ते सरकारच्या मालकीचे राहते.

एक सवलत कायद्यात आहे. डुक्कर अंगावर आले आणि स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना ते मेले, तर तो गुन्हा होत नाही. पण ही सवलत जिवासाठी आहे, पिकासाठी नाही.

पिस्तुलाचे काय?

आता पिस्तूल. आपल्याकडे कोणतीही बंदूक ठेवायची तर शस्त्र कायदा, १९५९ खाली परवाना लागतो. पीक राखणीसाठी परवान्याची सोय त्या कायद्यात आहे, पण तिथे नाव आहे ते ठासणीच्या बंदुकीचे, म्हणजे नळीतून दारू ठासून उडवायच्या लांब बंदुकीचे. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जातो, पोलिसांची चौकशी होते, बंदूक सुरक्षित ठेवायची जागा दाखवावी लागते. निवडणूक लागली की बहुतेकांना ती बंदूक पोलीस ठाण्यात जमाही करावी लागते. मग भले शेतात त्याच रात्री डुकरे येवोत.

"एक जण मिळवून देतोय" ते या कशातच बसत नाही. तो असतो गावठी कट्टा. तो नुसता जवळ सापडला तरी दोन ते पाच वर्षे तुरुंगवास आणि दंड. वापरायची गरजच नाही. पोरगा पोलीस भरतीची तयारी करत असेल, फौजेत जायचे स्वप्न असेल, तर ते तिथेच संपले. शिवाय गावठी कट्टा हातातच फुटतो, बोटे जातात.

आणि समजा सगळे कायदेशीर असते, तरी पिस्तुलाने काम झाले असते का? पिस्तुलाची नळी आखूड. लांबचा नेम लागत नाही. अमेरिकेतले हौशी शिकारीसुद्धा पिस्तुलाने मारायचे तर डुकराच्या अगदी जवळ जातात, मोठ्या गोळीचे पिस्तूल वापरतात आणि वर्षानुवर्षे सराव करतात. नर डुकराच्या खांद्यावर जाड कातडे आणि चरबीची जणू ढालच असते. गोळी वर्मी लागली नाही तर डुक्कर जखमी होते. जखमी डुक्कर म्हणजे काय हे ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. ते सरळ अंगावर येते आणि सुळा मांडीत घुसतो. आणि चुकलेली गोळी? आपल्याकडे एका एकराच्या बांधापलीकडे दुसऱ्याचे शेत. अंधारात तिथे कुणी बाई मोटर चालू करायला आलेली असते, कुणी ऊसतोड कामगार कोपीत झोपलेला असतो. व्हिडिओत हे दिसत नाही.

आणखी एक. डुकराची मादी चार महिन्यांच्या आत विते, एका वेताला चार-सहा पिल्ले. कळप चालवणाऱ्या वयस्क माद्याच असतात, मोठे नर एकटे फिरतात. टेक्सासमधल्या तज्ज्ञांचा हिशेब असा, की दर वर्षी दोन तृतीयांश डुकरे काढली तर कुठे संख्या आहे तेवढी राहते. रायफल, पिस्तूल, हेलिकॉप्टर, सगळे असूनही त्यांना ते जमलेले नाही. मग एका पोराच्या एका कट्ट्याने आपल्या शिवारात काय होणार?

मारायची परवानगी मिळते का?

मिळते. हे आम्हालाही आधी नीट माहीत नव्हते. कायद्याच्या कलम ११ मध्ये लिहिले आहे, की असा प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक झाला, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी कारण देऊन त्याला मारायची परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१५ मध्ये पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुक्कर आणि रोही म्हणजे नीलगाय यांच्यासाठी असा निर्णय काढला. पुढच्या वर्षी चंद्रपूर जिल्ह्यात रानडुकरे मारली गेली तेव्हा दिल्लीपर्यंत वाद झाला, केंद्रातले दोन मंत्रीच एकमेकांसमोर आले.

बिहारमध्ये २०१५ च्या शेवटी आणि उत्तराखंडात २०१६ मध्ये केंद्र सरकारने काही भागांपुरते, एक वर्षासाठी रानडुकराला उपद्रवी प्राणी ठरवले होते. केरळने २०२२ मध्ये परवानगीचा अधिकार ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांपर्यंत आणला. पण तिथेही गोळी घालायची ती परवानाधारक बंदूकवाल्याने.

आपल्याकडे मागायची तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपण ज्यांना रेंजर साहेब म्हणतो त्यांच्याकडे, लेखी अर्ज करायचा. एकटीने करण्यापेक्षा ग्रामसभेचा ठराव जोडून केला तर वजन पडते. परवानगी कागदावरची असते, ठरावीक जागेपुरती आणि अटी घातलेली. तिच्यासोबत बंदूक मिळत नाही. म्हणून हा रस्ता आहे हे माहीत असावे, पण पीक त्याच्या भरवशावर सोडू नये.

करंट आणि बॉम्ब: इथे माणसे मरतात

आता जे सांगतो ते लक्ष देऊन ऐका. बंदूक थोड्यांकडे असते, पण वायर सगळ्यांकडे असते. मोटरच्या पेटीतून वायर ओढून बांधावरच्या तारेत थेट वीज सोडायची, याला आपण "करंट लावणे" म्हणतो. महाराष्ट्रात दर हंगामात अशा तारेला चिकटून माणसे गेल्याच्या बातम्या येतात. बहुतेक वेळा जाणारा घरचाच असतो. पहाटे तार काढायला विसरलेला नवरा, त्याला सोडवायला गेलेली बायको, शेजारचा पोरगा. एका घरातली दोन माणसे एकाच तारेवर गेल्याचेही घडले आहे. वरून सदोष मनुष्यवधाचा गुन्हा, वीजचोरीचा गुन्हा आणि वन्यप्राणी मेला असेल तर तो तिसरा.

दुसरा प्रकार गावठी बॉम्बचा. पिठाच्या गोळ्यात दारू भरून ठेवतात, डुकराने चावला की जबडा फुटतो. पण तो गोळा डुक्कर आहे की आपली गाय आहे हे बघत नाही. पोरे चेंडू समजून उचलतात.

आपल्या घरात करंट लावायचे बोलणे निघाले तर बाईने तिथेच आडवे यावे. सासरे, दीर, नवरा कुणीही असो. पीक एका हंगामाचे असते.

मग करायचे काय?

डुकराला दिसते कमी, पण वास फार लांबचा येतो. त्याला लपायला जागा लागते आणि लोळायला ओल. प्रवरा, मुळा, घोड, कुकडीचे पाणी फिरले, बारमाही ऊस उभा राहिला, ओढ्यात वेडी बाभूळ माजली. डुकराला याहून चांगले घर कुठे मिळणार? तेव्हा पहिले काम म्हणजे शेताला लागून असलेल्या ओढ्यातली आणि बांधावरची वेडी बाभूळ काढणे. हे एका शेताने होत नाही, ओळीतल्या सगळ्यांनी करावे लागते.

दुसरे, कुंपण. जुन्या साड्यांचे कुंपण आपण सगळ्याच करतो. नवे असताना ते काम देते, डुकरे बिचकतात. थोड्या दिवसांनी सवय होते. म्हणून साड्या सगळा हंगाम लावून ठेवू नका. दाणा भरायच्या वेळी लावा, जागा आणि रंग बदलत राहा. भुईमूग, हरभरा, ज्वारीच्या कडेने करडईच्या तीन-चार दाट ओळी लावायची आपल्या जिल्ह्यातली जुनी रीत आहे. काट्यामुळे डुक्कर आत शिरायला कचरते आणि वर तेल घरचे होते. मक्याच्या कडेने काही जण एरंडी लावतात, वासाने मका लपतो म्हणून. गुरांना मात्र एरंडीपासून जपा. सलूनमधले केस बांधावर टाकायचाही उपाय आहे. डुक्कर जमीन हुंगत चालते, केस नाकात जातात. पाऊस झाला की पुन्हा टाकावे लागतात.

सौर कुंपण जास्त टिकते. त्यात झटका बसतो, पण तो क्षणभराचा आणि थांबून थांबून येणारा, त्यामुळे जीव जात नाही. थेट विजेच्या तारेत आणि सौर कुंपणात हाच जीवन-मरणाचा फरक आहे. यंत्र खात्रीच्या दुकानातून, पावती घेऊनच आणा. घरी जोडजाड करू नका. वनालगतच्या संवेदनशील गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला किमतीच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम अनुदान म्हणून मिळते. आपले गाव यादीत आहे का, ते वनरक्षकांना विचारा. कुंपणाचा खालचा तार जमिनीपासून वीतभर उंचीवर हवा आणि त्याला गवत टेकता कामा नये. तण काढायचे काम आपल्यालाच करावे लागते, हे आधीच धरून चाला.

तिसरे, राखण. आपल्या भागात उसात बिबट्या आहे. रानडुक्करही त्याचे भक्ष्य आहे, म्हणून जिथे डुकरे तिथे तोही येतो. त्यामुळे एकट्या बाईने किंवा शाळकरी पोराने रात्री माळ्यावर जाणे बंद करा. चार-पाच शेतांची मिळून पाळी लावा. दोघे-तिघे सोबत, मोठी बॅटरी, डबा, आणि येता-जाता बोलत, आवाज करत. डुक्कर दिसले तर त्याला पळायला वाट मोकळी ठेवा. कोंडले की ते अंगावर येते. पिल्लांच्या जवळ तर जाऊच नका.

नुकसान झाले तर पहिल्या तीन दिवसांत

इतके करूनही पीक गेले तर? इथे आपण सगळ्यात जास्त हरतो. पीक गेले की आपण दोन दिवस रडतो, तिसऱ्या दिवशी नांगर घालतो. पुरावा मातीत जातो.

महाराष्ट्रात रानडुकराने केलेल्या पीक नुकसानीला भरपाई आहे. राज्याने त्यासाठी २०२३ मध्ये कायदाच केला आणि मुदतीत पैसे दिले नाहीत तर व्याज देण्याची तरतूद ठेवली. करायचे ते असे.

नुकसान दिसल्याबरोबर, पाणी देण्याच्या आधी, मोबाइलवर फोटो काढा. उकरलेली माती, पायाचे ठसे, खाल्लेली कणसे, आणि एक फोटो लांबून, ज्यात आपली विहीर किंवा झाड ओळखू येईल असा. फोनचे लोकेशन चालू ठेवा.

तीन दिवसांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा रेंजर साहेबांच्या कार्यालयात अर्ज द्या. तोंडी सांगून येऊ नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. कुठे जायचे ते कळत नसेल तर वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन लावा.

सोबत सातबारा, आठ अ, आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स. जमीन सामायिक असेल तर बाकीच्या खातेदारांचे संमतीपत्र.

पंचनामा होईपर्यंत शेत मोडू नका. वन, कृषी आणि महसूल खात्याची माणसे येतात तेव्हा बाईने स्वतः शेतात हजर राहावे. किती गुंठे लिहिले, किती टक्के लिहिले, ते वाचून मगच सही करावी.

रानडुकराच्या हल्ल्यात कुणी जखमी झाले तर उपचाराचे कागद जपून ठेवा, त्याचीही मदत आहे. माणूस दगावला तर सध्याच्या निर्णयानुसार वारसांना २५ लाख रुपये मिळतात.

पीक विम्याचेही सांगतो. वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान खरीप २०२६ पासून प्रधानमंत्री पीक विमा योजनेत धरायचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. त्यात ७२ तासांच्या आत पीक विमा ॲपवर फोटोसह कळवायचे आहे. कोणत्या भागात आणि कोणत्या प्राण्यांसाठी, ते राज्य सरकार जाहीर करते. विमा भरण्याआधी कृषी कार्यालयात विचारून घ्या.

सातबारावर नाव कुणाचे?

आता सगळ्यात अवघड गोष्ट. भरपाई मिळते ती सातबारावर नाव असेल त्याला. बैठकीत आम्ही विचारले, "राखणीला रात्री कोण जातं?" पंधरापैकी अकरा जणींनी हात वर केले. मग विचारले, "सातबारावर नाव कुणाकुणाचं?" तीन हात वर आले. व्हिडिओ दाखवणाऱ्या ताईंचा हात त्यांत नव्हता. त्यांचे मालक जाऊन चार वर्षे झाली, वारसनोंद झालेलीच नाही. सातबारा अजून सासऱ्यांच्या नावावर, आणि दिराची सही मिळत नाही.

म्हणजे पेरणी त्यांची, राखण त्यांची, कर्ज त्यांचे, आणि भरपाईचा अर्ज मात्र त्यांना करता येत नाही. पोरगा कट्ट्याची भाषा का करतो, ते आम्हाला तेव्हा कळले. जिथे कागद चालत नाही तिथे माणूस असल्या गोष्टींकडे वळतो.

तेव्हा मैत्रिणींनो, डुकरे यायच्या आधी ही कामे करा. नवरा गेला असेल तर वारसनोंदीचा अर्ज तलाठी भाऊसाहेबांकडे द्या. नवरा हयात असेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेखाली त्याच्या अर्जावरून बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लागते. वाट्याने जमीन करत असाल तर भरपाई आली की किती कुणाची, ते मालकाशी आधीच कागदावर बोलून घ्या. आणि ई-पीक पाहणी प्रत्येक हंगामात मोबाइलवर स्वतः करा. सातबारावर मका दिसला नाही तर डुकराने मका खाल्ला हे सिद्ध करायला त्रास होतो.

त्या ताईंचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. बैठकीतल्या चौघी जणी त्यांच्यासोबत दिरांच्या घरी गेल्या. पहिल्यांदा दिरांनी ऐकले नाही. दुसऱ्यांदा गावातली दोन वडीलधारी माणसे सोबत होती, तेव्हा संमतीपत्रावर सही झाली. वारसनोंदीचा अर्जही गेला. तोवर तीन दिवसांची मुदत उलटून गेली होती, त्यामुळे या वेळचा मका गेला तो गेलाच. एक रुपया मिळाला नाही. त्यांना आम्ही खोटा धीर दिला नाही. पण रब्बीला त्यांनी हरभऱ्याच्या कडेने करडई टाकली आहे, शेजारच्या चार शेतांची राखणीची पाळी लागली आहे, आणि अर्जाचा कोरा नमुना गटाच्या पेटीत ठेवला आहे. पोराला आता फोटो काढायचे काम दिले आहे. त्याचा मोबाइल आहेच, निदान कामी तरी येईल.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपापला सातबारा घेऊन या. हप्त्याच्या वहीसोबत तोही वाचू. नाव नसेल तिथे खूण करू, आणि एकेकीचे काम हाती घेऊ.

नमस्कार.